सात पाण्यांनी धुतलेली काच

नगरच्या एका कॉलेजात छबूबाई लगड प्रयोगशाळेतल्या काचा धुवायची. नऊ वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत किती नळ्या फुटल्या असं कुणी विचारलंच, तर ती डाव्या हाताची तीन बोटं वर करायची, आणि त्यातली एकही आपल्या हातची नाही हेही लगोलग सांगायची. एक मांजरानं पाडली, एक सामानाच्या कपाटावरच्या भिमाजीनं, आणि एक खुद्द विभागप्रमुख साहेबांच्या कोटाच्या बाहीला अडकून गेली. साहेबांचं नाव घेताना ती आवाज खाली आणायची असं समजू नका. उलट जरा चढवायचीच.

बाई मूळची काष्टीकडची. माहेरच्या विहिरीचं पाणी असं जड, की तूरडाळ सकाळी चुलीवर चढवली तरी दुपारी दाणा दाताखाली कचकच वाजायचा. साबण लावला तर फेसाऐवजी हातात चोथा यायचा. गोडं पाणी दीड मैलावरून डोक्यावर आणायचं. असं आणलेलं पाणी कुणी भसाभस ओतेल का? घागरभर पाण्यानं एकदा विसळण्यापेक्षा तेच पाणी ओंजळ-ओंजळ घालून सात वेळा विसळायचं, दर वेळी झटकून पार निथळायचं, ही रीत तिला तिच्या आईनं, गोजरबाईनं, शिकवली. पाणी तेवढंच लागतं, पण भांडं लख्ख निघतं. विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा.

सुप्याच्या बन्सी लगडाशी तिचं लग्न झालं. सहा वर्षांनी बन्सीनं दुसरी बायको आणली. सासरच्यांनी समजूत घातली, की घर मोठं आहे, दोघी बहिणीसारख्या राहा. छबूबाई म्हणाली, बहीणच पाहिजे होती तर मी आईला सांगितलं असतं. पत्र्याची पेटी उचलली आणि नगरला आली. तेव्हा या प्रयोगशाळेची इमारत चालली होती. तिच्या भिंतींचं चुनखडीचं घमेलं छबूबाईनं डोक्यावर वाहिलंय. इमारत उभी राहिली, गवंडी गेले, बिगारी गेले, ही मात्र राहिली. काचा धुवायला बाई पाहिजे होती. रोजंदारीवर घेतली, आणि कायम करू म्हणाले. करू, करू म्हणता म्हणता नऊ वर्षं गेली. आई आता थकली होती, भाड्याच्या खोलीत खोकत पडलेली असायची, आणि कायम होणं हे छबूबाईच्या लेखी म्हातारीचं औषध होतं.

आता तिथं काय चालायचं ते सांगतो, घाबरू नका. चांदभाई मटणवाल्याकडून कोवळ्या बकऱ्याच्या गळ्यातली एक मऊ गाठ यायची. ती थंडगार खारट पाण्यात घोटायची, गाळायची, आणि वरून अलगद स्पिरिट सोडायचं. मग काचेची कांडी फिरवली, की तिच्यावर पांढरा, चिकट धागा गुंडाळून यायचा. हा डीएनए. बकरं बकऱ्यासारखं का होतं आणि माणूस माणसासारखा का होतो, ते सगळं म्हणे या धाग्यात लिहिलेलं असतं. छबूबाईनं तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा नाक मुरडलं होतं. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा काम सोडून बघत उभी राहिली. पुढे मात्र धागा आपल्या घरचा असल्यासारखी ती त्याची चौकशी करायची.

धागा पाण्यात विरघळवला की काकवीसारखं दाट पाणी होतं. त्यात एका एन्झाइमचा थेंब टाकायचा. एन्झाइम म्हणजे प्राण्याच्या शरीरातच तयार होणारी कातरी. ती धाग्याचे बारीक बारीक तुकडे करते आणि दाट पाणी पातळ होतं. हे मोजायला इंग्रजी यू अक्षरासारखी वाकलेली बारीक नळी असायची. वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत पाणी उतरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघायचं. दाट पाणी रेंगाळतं आणि कापलेलं पटकन उतरतं, एवढंच त्यातलं शास्त्र. हा प्रयोग कानिफनाथ मरकड करायचा. पाथर्डीकडचा, कॉलेजात शिकवणारा आणि डॉक्टरेटसाठी धडपडणारा मनुष्य. हुशार खरा, पण कणा जरा मऊ. त्याचे मार्गदर्शक म्हणजे विभागप्रमुख डॉ. राधाकृष्ण देव्हारे. त्यांची सही झाल्याशिवाय कानिफनाथाचा प्रबंध पुढे सरकणार नव्हता.

आणि देव्हारेसाहेबांचा एक अभिमान होता. साऱ्या पुस्तकांत लिहिलेलं, की ही कातरी चालायला मॅग्नेशियमसारखा धातू पाण्यात विरघळलेला लागतो. सहासष्ट साली कॉलेजात मॅग्नेशियमची बाटली वेळेवर आली नाही. साहेबांनी त्याच्याशिवायच प्रयोग केला, आणि काय आश्चर्य, कातरी व्यवस्थित चालली. तेव्हापासून साहेबांनी कृतीच्या कागदावरून मॅग्नेशियम खोडून टाकलं. दुसऱ्यांना लागत असेल, आमच्याकडे लागत नाही, असं ते परगावच्या परिषदेतसुद्धा बोलून आले. कानिफनाथाच्या प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण त्यावर उभं होतं. धातूशिवाय चालणारी कातरी! असा सगळा थाट.

पुढे बहात्तरचा पाऊस गेला. तो असा गेला की दिवाळीपर्यंत कॉलेजच्या विहिरीत बादली आपटायला लागली. प्रयोगशाळेत शुद्ध पाणी करायचं तांब्याचं जुनं यंत्र होतं. पाणी उकळायचं, वाफ नळीतून न्यायची, आणि त्या नळीभोवती विहिरीचं गार पाणी खेळवून वाफेचं परत पाणी करायचं. एक बाटली शुद्ध पाण्यासाठी हौदभर पाणी मोरीत जायचं. माणसं टँकरमागे पळत असताना हे कोण चालू देईल? यंत्र बंद झालं. त्याऐवजी स्टेशन रोडच्या गनीभाईच्या गॅरेजमधून मोटारीच्या बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचे मोठे जार यायला लागले.

आणि डिसेंबरपासून कातरी बंद पडली. थेंब टाका, अर्धा तास थांबा, तास थांबा, पाणी आपलं काकवीसारखं दाट ते दाटच. एन्झाइमची नवी बाटली मुंबईहून बर्फात घालून मागवली, तरी तेच. कानिफनाथ रडकुंडीला आला. मार्चअखेर प्रबंध द्यायचा होता.

अशा वेळी दोष कुणाला द्यायचा हे शोधायला लांब जावं लागत नाही. जो सगळ्यात खालच्या पायरीवर बसलेला असतो तो आपोआप सापडतो. पाण्याची टंचाई आहे, बाई काचा नीट धुवत नसणार, साबण तसाच राहत असणार, साबणानं एन्झाइम मरत असणार. साहेबांनी एका दमात सगळं जुळवलं. छबूबाईला विचारलं, तर ती म्हणाली सात पाणी देते. एवढ्याशा पाण्यात सात वेळा? साहेब हसले. मग तिला त्यांनी खोलीत बोलावलं. तिथं कानिफनाथ होता, सामानाचं कपाट सांभाळणारा भिमाजी होता आणि टाइप केलेला कागद घेऊन कारकून उभा होता.

छबूबाई चौथी शिकलेली. तिनं कागद हातात घेतला आणि सगळ्यांसमोर एकेक शब्द लावत मोठ्यानं वाचला. काचसामान शुद्ध पाण्याने धुतले जात नाही. विचारले असता खोटे सांगितले जाते. याबद्दल दिलगीर आहे, पुन्हा असे होणार नाही. खाली सहीची जागा. साहेबांनी सौम्यपणे समजावलं, की सही करून टाका, पुढच्या महिन्यात कायम करायच्या यादीत नाव घालतो. नाहीतर एक तारखेपासून येऊ नका.

कुणी म्हणेल, करायची होती सही. म्हातारी घरात, बाहेर हा असा दुष्काळ, खडी फोडायच्या कामावर हजारो बाया बसलेल्या. छबूबाईच्या मनात हे आलं नाही असं नाही. आलं, एकेक करून सगळं आलं. पण तिला दिसलं ते एवढंच, की ह्या कागदावर सही केली तर उद्यापासून या इमारतीत जे काही बिघडेल ते तिच्या नावावर जाणार. आणि राग असा आला, की कानाच्या पाळ्या तापल्या.

"सायेब, ह्यात दोन गोष्टी लिवल्यात," ती म्हणाली. "काच घान हाय, आन मी खोटी हाय. पयली मला दाखवा. दुसरीचं मग बघू."

साहेब म्हणाले, दाखवायचं काय त्यात, प्रयोगच सांगतो आहे. छबूबाईनं कागद टेबलावर ठेवला, त्यावर पेपरवेट ठेवला आणि निघून गेली. कानिफनाथ खाली बघत होता. भिमाजी खिडकीबाहेर बघत होता. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं; तो काय लपवत होता ते आता कळेल.

त्या तांब्याच्या यंत्राच्या नळीचा एक जोड केव्हाच झिजला होता. भिमाजीनं त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वेळ मारून नेली होती. छबूबाई पहिल्यापासून म्हणायची, की ह्या यंत्राचं पाणी शुद्ध नाही, जड आहे. तिला कसं कळलं? अहो, साबणाला फेस येईना. बीकर सुकला की तळाला पांढरं कडं उमटायचं. जन्म जड पाण्यात काढलेल्या बाईला हे सांगायला यंत्र लागत नाही. जोडातून बाहेरचं विहिरीचं पाणी आत झिरपत होतं आणि शुद्ध पाण्यात मिसळत होतं. सदुसष्ट साली तिनं भिमाजीला हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, तू काच धू. ती धूत राहिली. पण विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कानिफनाथाला मोरीपाशी गाठलं. कपाटाच्या वरच्या फळीवर यंत्राच्या पाण्याची एक बाटली होती. कानिफनाथानंच ऑगस्टात भरून ठेवलेली, विसरलेली. तिनं ती काढली. डाव्या तळहातावर बाटलीतलं पाणी घेतलं, उजव्यावर गनीभाईच्या जारमधलं, आणि त्याला साबणाची वडी धरायला सांगून दोन्ही हात पाळीपाळीनं घासले. उजव्या हातावर फेसाचा डोंगर. डाव्यावर चिपाडासारखा चोथा.

"सर, काच मी तेव्हाबी अशीच धुवायचे," ती म्हणाली. "पानी बदललंय. तुमची कातरी घान पान्यावर चालत हुती. आता चोख पानी दिलं, तर ती चालंना."

कानिफनाथानं तिच्या डाव्या हातावरचा चोथा बोटानं उचलून पाहिला. त्याला कळलं होतं, हे तिला त्याच्या तोंडावरून दिसलं. आणि कळल्यामुळेच तो घाबरला होता हेही दिसलं. साहेबांना काय वाटेल, प्रकरणाचं काय होईल, सहीचं काय, असं तो पुटपुटायला लागला. छबूबाईनं हात धुतले, पदराला पुसले. म्हणाली, तुमची सही अडकली तर तुमी वर्षभरानं पुन्हा लिवाल, माझं नाव एकदा खराब झालं तर मी ते कुठं लिवायला जाऊ. मग तिनं यू नळीच्या दोन जोड्या उचलल्या आणि त्याच्यासमोर सात पाण्यांनी धुतल्या. प्रत्येक पाण्यानंतर नळी उजेडाला धरून दाखवली. स्वच्छ काचेवरून पाणी सलग चादरीसारखं उतरतं, थेंब धरून बसत नाही. एकही थेंब नव्हता.

कानिफनाथाचा कणा मऊ होता, पण आत माणूस होता. त्यानं दार लावून घेतलं आणि कामाला लागला. धागा तोच, कातरी तीच, काचा छबूबाईच्या. एका नळीत जारचं पाणी, दुसरीत ऑगस्टचं. सुरुवातीला दोन्हीकडे पाणी उतरायला एकशे तीस सेकंद लागले. अर्ध्या तासानं जारच्या नळीत एकशे तीसच. ऑगस्टच्या नळीत साठ. त्यानं ऑगस्टच्या पाण्याची आणखी एक नळी लावली आणि तिच्यात सोडियम सायट्रेट घातलं. लिंबाच्या आंबटाचं हे मीठ पाण्यातल्या धातूंना घट्ट धरून बसतं, दुसऱ्या कुणाच्या हाती लागू देत नाही. तिथं परत एकशे तीस. मग त्यानं जारच्या चोख पाण्यात चिमूटभर मॅग्नेशियम घातलं. साठ. कानिफनाथ स्टुलावर बसला आणि खुळ्यासारखा हसायला लागला.

छबूबाईनं त्याला सोडलं नाही. तिला नुसतं जिंकायचं नव्हतं, तिला कळायला पाहिजे होतं. धातू काय करतो मधे पडून? त्यानं टेबलावर खडूनं रेघ काढून सांगितलं. धाग्यावर सगळीकडे ऋण वीजभार असतो. कातरीच्या तोंडातही ऋणच. दोघं एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. धातूचा कण धन भाराचा. तो कातरीच्या तोंडात बसतो, एका अंगानं धाग्याला धरतो, आणि शेजारच्या पाण्याच्या कणाला धार आणतो, असं जाणकार मानतात. अजून कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण धाग्याचा सांधा सुटतो तो त्या पाण्यामुळे, एवढं नक्की. आणि आपल्याकडे धातू आला कुठून? आपल्या काळ्या दगडातून मुरून विहिरीत, आणि विहिरीतून भिमाजीच्या फुटक्या जोडातून बाटलीत.

"मंजी कापतं पानीच," छबूबाई म्हणाली.

"पाणीच. पण धातूनं हात धरल्याशिवाय त्याला कापता येत नाही."

तिनं हे दोनदा मनात घोळवलं. तिला ते आवडलं. लई म्हणजे लई आवडलं. संध्याकाळी तिनं गोजरबाईलाही सांगितलं. म्हातारी म्हणाली, तुला काढून टाकतील गं. छबूबाई म्हणाली, टाकू देत, पण घान म्हनून न्हाई.

कानिफनाथानं आकडे साहेबांच्या टेबलावर ठेवले. साहेबांनी ते दोनदा वाचले. सात वर्षांचा अभिमान, परिषदेतलं भाषण, सगळं एका सायकलच्या ट्यूबमधून झिरपून गेलं होतं. मग त्यांनी मोठ्या माणसांसारखा मार्ग काढला. कृतीच्या कागदावर मॅग्नेशियम परत आलं. प्रबंधातलं ते प्रकरण गुपचूप बदललं. छबूबाईला एक तारखेला काढलं नाही. उलट दहा तारखेला कारकून कायम नेमणुकीचा कागद घेऊन आला. तिनं विचारलं, तो आधीचा कागद कुठाय? कारकून म्हणाला, फायलीत आहे, राहू द्या, फाईल कोण उघडतंय.

तिनं नेमणूक घेतली नाही. भिमाजीनं डोक्याला हात लावला. अगं बाई, नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात आलंय, एका जुन्या कागदापायी लाथाडतेस? आता भिमाजीनं हे बोलावं! छबूबाईनं त्याला असं पाहिलं, की तो कपाटातल्या बाटल्या पुन्हा मोजायला लागला. तिचं म्हणणं सरळ होतं. ज्या फायलीत मला खोटी म्हणणारा कागद आहे, त्याच फायलीत कायम होऊन मला बसायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं एक काम वाढवून घेतलं. सकाळी साहेब यायच्या आत त्यांच्या टेबलावर लाकडी स्टँडमध्ये दोन नळ्या. दोन्हींत धागा आणि कातरी. एकीत चोख पाणी, दुसरीत मॅग्नेशियम घातलेलं. डावी तिरकी केली की आतलं पाणी आळसावल्यासारखं सरकायचं, उजवी केली की झर्रकन पळायचं. कानिफनाथ साहित्य द्यायचा, न बोलता, आणि देताना तिच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. एवढंच त्याचं धाडस, पण होतं. साहेबांनी पहिल्या दिवशी नळ्या बाजूला सारल्या. दुसऱ्या दिवशी शिपायाकरवी परत पाठवल्या. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी विचारलं हे काय, तर म्हणाले, नेहमीचा प्रयोग. चौथ्या दिवशी त्यांनी छबूबाईला विचारलं, हे किती दिवस चालणार?

"कागद जाईस्तोवर," ती म्हणाली. "नळ्या लई हायेत, सायेब. आन मला धुवायचा कट्टाळा न्हाई."

नऊ दिवस झाले. या नऊ दिवसांत ती रात्री झोपली का, तर नाही. रोजंदारी कधीही बंद होईल हे तिला माहीत होतं. गोजरबाईनं बोलणं टाकलं होतं. दहाव्या दिवशी ती सकाळी आली, तर मोरीत दोन नळ्या आधीच उपड्या घातलेल्या. तिनं उचलून उजेडाला धरल्या. काचेवर सगळीकडे थेंब चिकटलेले, बुडाला बोटाचा ठसा. असं भिकार काम तिच्या प्रयोगशाळेत कुणी केलं? कोट खुंटीवर होता. साहेबांचा. सावेडीच्या बंगल्यातून माणूस सकाळी सहाला येऊन स्वतःच्या हातांनी काचा धुवून, धागा आणि कातरी घालून, घड्याळ लावून बसला होता. टेबलावर त्यांच्या अक्षरात आकडे होते. जारचं पाणी, एकशे एकतीस. मॅग्नेशियम, एकसष्ट. साहेबांनी धुतलेल्या काचेतही कातरी धातूशिवाय चालली नव्हती.

अकरा वाजता त्यांनी बोलावलं. खोलीत साहेब एकटे. त्यांनी फाईल उघडली, जुना कागद काढला आणि तिच्यासमोर फाडला. मग दुसरा लिहिला आणि पुढे केला. काच स्वच्छ होती. चूक कृतीत होती. कृती माझी होती. छबूबाई लगड यांनी खरे सांगितले होते. खाली सही. झालं ना समाधान, असं त्यांनी विचारलं, आणि खरं सांगायचं तर त्यांचा आवाज चांगला होता, उसना नव्हता.

छबूबाईनं कागद वाचला. आधीच्यासारखाच, एकेक शब्द लावत. पण ती जागची हलली नाही.

"तवा चौघांच्या म्होरं मला खोटी म्हनलात," ती म्हणाली. "हेबी चौघांच्या म्होरं वाचा."

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग घंटा वाजवली. कानिफनाथ आला, भिमाजी आला, कारकून आला. साहेब उभे राहिले, चष्मा लावला आणि वाचायला लागले. पहिली दोन वाक्यं बरी गेली. 'कृती माझी होती' इथं आवाज इतका खाली गेला, की शेवटचं वाक्य ओठातच राहिलं. कागद खाली ठेवून ते बसणार, तेवढ्यात छबूबाई म्हणाली, "सायेब, शेवटचं ऐकू आलं न्हाई. परत वाचा."

कानिफनाथानं या वेळी खाली पाहिलं नाही. आणि देव्हारेसाहेबांनी कागद पुन्हा उचलला आणि मोठ्यानं वाचला.